पीडीओ वापरलं की डेटाबेस आपोआप बदलता येतो का?

भाऊ, तुझा प्रश्न मला असा समजला: घाटंजीकडच्या कापसाच्या जिनिंगचं काटापावतीचं (गाडीच्या वजनाच्या पावतीचं) सॉफ्टवेअर पीएचपी भाषेत आणि मायएसक्यूएल डेटाबेसवर आहे. खेड्यातल्या खरेदी केंद्रावर नेट टिकत नाही म्हणून तिथे एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा, नेटशिवाय चालणारा डेटाबेस) हवं, ऑफिसात पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस. सगळं पीडीओवर, म्हणजे पीएचपीतून वेगवेगळ्या डेटाबेसशी बोलायच्या एकाच पद्धतीवर, नेलं तर कोड तोच चालेल का?

अर्धाच चालेल. पीडीओवर ने, त्यात दुमत नाही. जुनी मायएसक्यूएलची फंक्शनं २०१५ साली पीएचपी ७ मधून काढूनच टाकली, तेव्हा ज्यांनी ती पानोपानी वापरली होती त्यांना सगळं पुन्हा लिहावं लागलं. पण पीडीओ फक्त जोडणी, प्लेसहोल्डर (क्वेरीत किमतीसाठी सोडलेली जागा) आणि एरर पकडणं एकसारखं करतं. तू लिहिलेल्या एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञांची, बोली ते बदलून देत नाही.

बोलीतला जो फरक एरर देतो त्याची मला भीती वाटत नाही. 'ऑन ड्युप्लिकेट की' (नोंद आधीच असेल तर ती बदल, ही मायएसक्यूएलची आज्ञा) पोस्टग्रेसवर पहिल्याच दिवशी अडेल आणि तू ते दुरुस्त करशील. त्याऐवजी 'ऑन कॉन्फ्लिक्ट' लिही. पोस्टग्रेस ९.५ आणि एसक्यूलाइट ३.२४ पासून ते दोन्हीकडे चालतं. रिकाम्या किमतीऐवजी दुसरी किंमत देणाऱ्या 'इफनल'च्या जागी 'कोअलेस' टाक.

खरा घात करतो तो गप्प राहणारा फरक. हिंगणघाटकडच्या एका कामात माझ्याकडून हेच झालं. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या कोलेशनमध्ये (अक्षरं जुळवायच्या नियमांत) लहान-मोठी इंग्रजी अक्षरं सारखीच धरली जातात, त्यामुळे भरलेल्या गाडीच्या काट्याच्या वेळी गाडी नंबरातलं 'एमएच ३२' कॅपिटलमध्ये आणि रिकाम्या गाडीच्या वेळी स्मॉलमध्ये टाकलं तरी पावती सापडायची. पोस्टग्रेसवर आलो आणि सापडेना. एरर नाही, नुसती रिकामी यादी. कापूस खाली करून झालेला शेतकरी रात्रीपर्यंत काट्यावर बसून राहिला. त्या माणसाचा चेहरा मी विसरलेलो नाही. तेव्हापासून गाडी नंबर साठवतानाच कॅपिटल करून, मधल्या मोकळ्या जागा काढून ठेवतो, आणि शोधतानाही तेच करतो. हे काम पीएचपीत कर, डेटाबेसच्या भरवशावर सोडू नको.

वेळेचंही तसंच. एसक्यूलाइटचा 'करंट टाइमस्टॅम्प' यूटीसी देतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे चारला झालेला काटा आदल्या तारखेत जाईल आणि त्या दिवसाच्या भावाने चुकारा (शेतकऱ्याला द्यायची रक्कम) निघेल. म्हणून वेळ कोडमधूनच पाठव.

वजन दशांशात ठेवू नको. एसक्यूलाइटमध्ये खरा डेसिमल प्रकारच नाही, तो आकडा फ्लोट, म्हणजे अंदाजे साठवलेला दशांश, होतो. ३२.४५ क्विंटल म्हणजे ३२४५ किलो, असा पूर्णांक ठेव. रक्कम पैशात ठेव. शिवाय साध्या टेबलात एसक्यूलाइट आकड्याच्या रकान्यात अक्षरंही मुकाट्याने घेतं. ३.३७ पासून 'स्ट्रिक्ट' टेबलाची सोय आहे, ती वापर.

पावती नंबर ऑटो-इन्क्रिमेंटवर (डेटाबेसने आपोआप पुढचा नंबर देण्यावर) सोडू नको. दोन केंद्रं ऑफलाइन असताना दोघांकडेही १०१ नंबर तयार होईल. केंद्राचा कोड आणि त्या केंद्राचा क्रमांक जोडून नंबर कोडमध्येच बनव. डेटाबेसला शेवटचा आयडी विचारायची गरजही मग उरत नाही.

आता रचना. सगळं एसक्यूएल एकाच फोल्डरमध्ये आण: पावती, शेतकरी, चुकारा, एवढ्या तीन फाइली पुरेत. बाकीच्या कोडने 'पावती जतन करा', 'गाडीवरून पावती शोधा' एवढंच म्हणावं, त्याला डेटाबेसचं नावही ठाऊक नसावं. मोठं ओआरएम (एसक्यूएल आपल्यासाठी लिहून देणारी लायब्ररी) आणायला माझा विरोध नाही, पण तुझ्या दहा-बारा टेबलांसाठी ते ओझंच होईल.

आणि चाचण्या दोन्ही डेटाबेसवर चालव, नुसत्या एसक्यूलाइटवर नाही. गाडी नंबर लहान अक्षरात, पहाटेचा काटा, नाव 'पांढरकवडा'सारखं देवनागरीत, एकच पावती दोनदा पाठवलेली, एवढी चार उदाहरणं आधी लिही. सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन वेचणी लागायच्या आत हे झालं पाहिजे, कारण एकदा गाड्यांची रांग लागली की काटा बंद ठेवून कोड तपासायला तुला कोणी वेळ देणार नाही. पावती शोधायची क्वेरी इथे टाक, मी आज रात्री बघतो.