घोडी बसायला घाबरते, उठताना अडखळते: कारण कुठे शोधायचं?

तुमचा प्रश्न असा की, १७ वर्षांची मारवाडी घोडी महिनाभरापासून ठाणात बसायचं टाळते, बसलीच तर उठताना दोन-तीनदा आपटते, चालताना मात्र लंगडत नाही. आणि गावात ज्याला विचाराल तो ‘वय झालं तिचं’ म्हणतो. मी जनावरांचा डॉक्टर नाही. आमच्याकडे वडिलांपासून वरातीच्या घोड्या आहेत आणि माझ्या ताराचं अगदी हेच झालं होतं. ‘वय झालं’ या दोन शब्दांवर विसंबून मी चार महिने घालवले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तातडीचं. घोडी सारखी उठबस करत असेल, पोटाकडे वळून बघत असेल, पायानं जमीन उकरत असेल, लीद बंद असेल, तर तो पोटशूळ. तिथे वाचत बसू नका, डॉक्टरला बोलवा. दोन दिवस ठाणात उभी राहून दाणा खाल्ला आणि कामाला काढल्याबरोबर पुठ्ठे, म्हणजे ढुंगणावरचे स्नायू, लाकडासारखे झाले, मूत कॉफीच्या रंगाचं आलं, तर तिला एक पाऊलही चालवू नका. आणि सगळं अंग ताठ, शेपूट उचललेली, डोळ्यावर आतला पडदा येतोय, तर तो धनुर्वात. तुम्ही लिहिलंय त्यावरून यातलं काही दिसत नाही.

आता उठण्याकडे बघू. आपल्या डोळ्यांना सवय असते बैलाची. बैल आधी मागचा भाग उचलतो, पुढचे गुडघे टेकलेलेच असतात. घोड्याचं उलट. तो आधी पुढचे दोन्ही पाय समोर ताणतो, क्षणभर कुत्र्यासारखा बसतो आणि मग मागच्या पायांनी सगळं वजन वर ढकलतो. म्हणजे घोडी कुत्र्यासारखी बसून तिथेच अडकत असेल, तर दुखणं कंबर, मांडी किंवा मागच्या पायात शोधायचं. पुढचे पायच ताणता येत नसतील, तर पुढचे खूर, गुडघे किंवा मान. बसतानाही बघा. शेवटच्या वीतभर अंतरात मागचा भाग धप्पकन सोडून देते का? ज्याचे मागचे सांधे दुखतात त्याला वाकून हळूच टेकता येत नाही, ते अंग टाकून देतं.

हे दिवसा दिसत नाही, आपण जवळ असलो की घोडी उभीच राहते. मी ठाणात एक स्वस्तातला रात्री दिसणारा कॅमेरा लावला. त्याआधी ताराच्या पुढच्या पायांवर, खुराच्या वरच्या सांध्यावर समोरच्या बाजूला केस गेलेले आणि खपल्या धरलेल्या. मला वाटायचं, दावणीच्या दगडाला घासतंय. कॅमेऱ्यात पहाटे पावणेदोनला दिसलं ते वेगळंच. उभ्याउभ्या डुलकी, मान खाली खाली, ओठ लोंबलेला, आणि एकदम पुढचे पाय दुमडून ती त्या सांध्यांवर कोसळली, दचकून सावरली. रात्रीत असं सहा वेळा. घोडा उभ्यानं डुलक्या घेतो हे खरं, त्याच्या पायांचे स्नायूबंध अडकतात म्हणून. पण गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय लागत नाही, आणि दिवसाला अर्धा-पाऊण तास का होईना ती लागतेच. बसायच्या भीतीनं तारा कित्येक दिवस झोपलीच नव्हती. दिवसा वरातीत ती बँडच्या आवाजाला बिचकायची, ते मी ‘स्वभाव बिघडला’ म्हणून सोडून दिलं होतं.

लंगडत का नव्हती? दोन्ही मागचे पाय सारखेच दुखत होते. एक पाय दुखला तर जनावर दुसऱ्यावर भार टाकतं आणि आपल्याला लंगड दिसते. दोन्ही दुखले तर टाकणार कुठे? पाऊल आखूड होतं, एवढंच. खरं तर आमच्या नालबंदाला हे आधी कळलं होतं. तारा मागचा पाय धरू देत नाही, धरला की अंगावर रेलते, म्हणून तो तिला शिव्या घालायचा. तिच्या मागच्या जुन्या नाला टोकाशी पत्र्यासारख्या झिजल्या होत्या, मागची बाजू शाबूत. पाय पुरता उचललाच जात नव्हता. तुमच्याकडे जुन्या नाला असतील तर आजच बघा.

घरी करता येईल ते असं. एकेक खूर हातानं चाचपा, एखादा गरम लागतो का; खुराच्या वरच्या सांध्यामागे नाडी ठणकते का. पुढचे पाय समोर ताणून, भार मागे देऊन उभी राहत असेल, तर खुरांचा दाह असू शकतो, तो वेगळाच विषय आहे. मग मागचा पाय मिनिटभर पोटाकडे दुमडून धरा आणि सोडल्याबरोबर कुणाला तरी तिला दुडकीवर पळवायला सांगा. पहिली आठ-दहा पावलं खराब पडली तर सांधा. चालताना शेपूट एका बाजूला ओढून बघा. धडधाकट घोडी विरोध करते. तुमच्या ओढण्यानं ती भेलकांडत आली किंवा छोट्या गोलात वळताना तिचे पाय एकमेकांत अडकले, तर दुखण्यापेक्षा अशक्तपणाचा किंवा मज्जारज्जूचा संशय घ्या. आपल्याकडे त्यात सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवींचा रोग, विसरू नका. पावसाळ्यानंतर मोठ्या माशांमुळे पसरतो, ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांना सूज, घोडी वाळत जाते, मागचा भाग ढिला पडतो. ताप असतानाच रक्त तपासायला द्या.

ताराचा एक्स-रे काढला. मागच्या पायाचा मधला सांधा, डॉक्टर ज्याला हॉक म्हणतात, त्याच्या खालच्या भागात हाड वाढलेलं, दोन्हीकडे. त्यातल्या त्यात बरी बातमी अशी की हे खालचे सांधे फारसे हलत नाहीत आणि कालांतरानं एकजीव होऊन दुखणं उतरू शकतं. सांध्यात इंजेक्शन, काही दिवस फेनिलब्युटाझोन हे दुखणं-सूज उतरवणारं औषध, नालेचं टोक गोल. हे औषध परस्पर लांबवू नका, पोट आणि मूत्रपिंड खातं. आणि कुणी माणसांचं डायक्लोफिनॅक टोचायला आलं तर नको म्हणा. ते टोचलेलं जनावर मेल्यावर खाऊन गिधाडं मरतात, म्हणून जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे. ताराला आधी कुणीतरी तेच टोचून गेलं होतं.

पण औषधाइतकाच फरक जमिनीनं पडला, यात मला शंका नाही. आमच्या ठाणात शहाबादी फरशी होती, मुतानं निसरडी झालेली. पुढचे पाय ताणले की टाप सरकायची. एकदा घसरलेली घोडी ती जागा विसरत नाही. फरशी उखडून मुरूम चोपला, वर गव्हाचं काड वीतभर. आगाडी-पिछाडी, म्हणजे पुढचे-मागचे बांधायचे दोर, रात्री सोडून दिली. दोर आखूड असला तर घोडीला पाय समोर ताणताच येत नाहीत. जागा बारा बाय बारा फूट तरी हवी, नाहीतर भिंतीला पाय अडकतात.

कधी बसली आणि उठेनाच, तर शेपूट धरून ओढू नका, पायांच्या बाजूला उभे राहू नका. पाठीच्या बाजूनं जाऊन छातीवर बसती करा, पुढचे पाय समोर काढून द्या आणि तिला दम घेऊ द्या. तासन्‌तास एका कुशीवर राहिली तर खालचे स्नायू मरतात, म्हणून डॉक्टर येईपर्यंत कूस बदलत राहा. एक्स-रेसाठी शिरवळ किंवा परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं का बघा. जाताना रात्रीचा व्हिडिओ मोबाइलमध्ये घेऊन जा, डॉक्टरांसमोर घोडी बसून दाखवत नाही.

फरशी काढल्यावर अकराव्या रात्री तारा बसली. तीन वेळा गोल फिरली, काड हुंगलं, पुन्हा उभी राहिली आणि मग धप्पकन अंग टाकलं. पंचवीस मिनिटं पसरून घोरत होती. तुमच्या घोडीच्या पुढच्या सांध्यांवर खरचटलेलं आहे का आणि ठाणात खाली काय आहे, एवढं कळवा.