उपग्रहाला ओझोनची उंची कशी कळते?

प्रश्न : ओझोनचे प्रमाण जमिनीवरूनही मोजता येते, असे वाचनात आले. मग २००४ साली त्यासाठी 'ऑरा' हा उपग्रह सोडण्याची गरज का भासली?

उत्तर : जमिनीवरचे मोजमाप कमी प्रतीचे असते असे समजू नये. अंटार्क्टिकावरील ओझोनचे छिद्र १९८५ साली जगापुढे आले, ते हॅली बे येथील ब्रिटिश तळावर डॉब्सन वर्णपटमापकाने वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदींमुळे. मात्र हे उपकरण मुख्यतः माथ्यावरच्या हवेत एकूण किती ओझोन आहे एवढेच सांगते, आणि त्या आकड्यात अतिनील किरण अडवणारा, उंचावरच्या स्थितांबर या थरातील ओझोन व फुप्फुसांना अपाय करणारा जमिनीलगतचा ओझोन हे दोन्ही मिसळलेले असतात. फुग्यांसोबत सोडलेली उपकरणे उंचीनुसार प्रमाण दाखवतात. पण ते ठरावीक ठिकाणांपुरते आणि साधारण ३०-३५ किलोमीटरपर्यंतच.

नासाने १५ जुलै २००४ रोजी कॅलिफोर्नियातील व्हॅन्डनबर्ग तळावरून डेल्टा-२ अग्निबाणाने 'ऑरा'ला सुमारे ७०५ किलोमीटर उंचीच्या ध्रुवीय कक्षेत पाठवले. त्यावरील चार उपकरणांपैकी ओझोनमापक थेट खाली पाहून परतणारा सूर्यप्रकाश तपासतो. सूक्ष्मतरंगमापक मात्र क्षितिजाकडे, पृथ्वीच्या कडेवरील हवेच्या पातळ पट्ट्याकडे पाहतो. त्याची दृष्टिरेषा वर-खाली सरकत वेगवेगळ्या उंचींवरच्या थरांतून जाते, आणि प्रत्येक वायूचे रेणू आपापल्या ठरावीक वारंवारतांना सूक्ष्मतरंग उत्सर्जित करत असल्याने कोणता वायू कोणत्या उंचीवर किती आहे याचा हिशेब मांडता येतो. माझ्या मते या मोहिमेचे खरे मोल याच तिरप्या नजरेत आहे. (उंचीनुसार मोजणाऱ्या दुसऱ्या एका उपकरणाच्या तोंडाशी उड्डाणाच्या वेळी प्लास्टिकचा पापुद्रा अडकून बहुतेक दृश्य झाकले गेले, तरीही शास्त्रज्ञांनी उरलेल्या फटीतून उपयुक्त माहिती मिळवली.)

प्रश्न : ध्रुवावर महिनोन्‌महिने रात्र असते, तेव्हाही मोजमाप होते का?

उत्तर : सूर्यप्रकाशावर अवलंबून असलेल्या ओझोनमापकाने ते होत नाही. सूक्ष्मतरंगमापक हवेचे स्वतःचे उत्सर्जन टिपत असल्याने त्याला अंधाराची अडचण येत नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण ध्रुवीय हिवाळ्यात अतिथंड ढगांच्या कणांवर निष्क्रिय संयुगांमधील क्लोरीन सक्रिय रूपात येते आणि दक्षिण ध्रुवावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सूर्य परतू लागला की ओझोनचा झपाट्याने नाश करते. ओझोन घटण्याआधी घडणाऱ्या या पूर्वतयारीच्या खुणा त्या काळोखातच टिपाव्या लागतात.