दहाव्या वर्षी दिलेला शब्द

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. ती दहा वर्षांची असताना तिचे बाबा गेले. ते लाइनमन होते. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, परिस्थितीमुळे जमलं नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात तिने 'मी होईन डॉक्टर' असा शब्द दिला आणि तेव्हापासून तिचं ठरलेलं आहे. बारावीला ८४ टक्के मिळाले, पण वैद्यकीय प्रवेश परीक्षेत दोनदा गुण कमी पडले. दोन महिने झाले, ती फारशी बोलत नाही, खोलीतच असते, धड जेवत नाही. परवा तिच्या वहीत एक ओळ वाचली, 'बाबांची इच्छा बाजूला काढली तर माझ्यात उरतं काय?' तिला तिसऱ्यांदा बसवावं की दुसरा कोर्स बघावा?
– एक आई

ताई, परीक्षेचं आधी संपवते. विज्ञानाची पदवी आहे, नर्सिंग, फिजिओथेरपी आहे, तिसरा प्रयत्नही करता येतो. यातलं काहीच आज ठरवायचं नाही.

मी अडकले ती वहीतल्या ओळीपाशी. तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात गुण आहेत, प्रयत्न आहेत, बाबांची इच्छा आहे. लेक कशात रमते, तिला काय आवडतं, याबद्दल एक अक्षर नाही. तुम्ही मुद्दाम गाळलंत असं मी म्हणत नाही. बहुधा तो प्रश्न घरात कधी निघालाच नाही, कारण उत्तर दहाव्या वर्षीच मिळालेलं होतं.

दोन महिने गप्प राहणं, जेवणावरची वासना उडणं, याला मी अभ्यासाचा ताण म्हणून सोडून देणार नाही. या आठवड्यात तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. त्याआधी शांतपणे, सरळ विचारा, 'जगू नये असं कधी मनात येतं का?' विचारल्याने असा विचार डोक्यात भरतो, ही भीती काढून टाका. तसं होत नाही. उलट विचारलं की मुलांना बोलायला जागा मिळते. उत्तर 'हो' आलं तर तिला एकटीला सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. करिअर मागून येऊ दे.

आता एका गैरसमजाबद्दल. 'तेव्हापासून तिचं ठरलेलं आहे' हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. लहानपणापासून एकच ध्येय धरलेलं मूल आपल्याला फार पक्क्या मनाचं वाटतं. जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली कॉलेजातल्या तरुणांच्या अभ्यासातून या पक्केपणाचे दोन प्रकार वेगळे केले. काही जण शंका घेऊन, चाचपडून, पर्याय पारखून ठरवतात. काही जण काहीच न पारखता घरातून मिळालेलं ध्येय उचलतात. बाहेरून दोघं सारखेच ठाम दिसतात. अवघड काम समोर आलं की फरक कळतो. पहिल्यांची अपेक्षा वास्तवाला धरून राहिली, दुसऱ्यांनी मात्र आवाक्याबाहेरची ध्येयं ठेवली. मला तुमच्या लेकीची काळजी वाटते ती इथे. तिला नापास होण्याची मुभाच नाही, कारण तिच्या लेखी गुण कमी पडले की बाबा पुन्हा जातात.

दहा वर्षांच्या पोरीने आजारी बापाला दिलेला शब्द म्हणजे तिचं प्रेम होतं. त्या वयात तिच्याजवळ द्यायला दुसरं काय होतं? तो शब्द हुंडीसारखा जपून ठेवून नऊ वर्षांनी वटवायला काढायचा नसतो. तुम्ही तिला कधी जबरदस्ती केली नसेलही. पण 'बाबा असते तर किती खूश झाले असते' हे वाक्य त्या घरात किती वेळा बोललं गेलं, ते एकदा आठवून पाहा.

'मी कोण' या प्रश्नावर ज्यांनी आयुष्यभर काम केलं, त्या एरिक एरिकसन यांना आपला जन्मदाता कोण हे कधीच कळलं नाही. सावत्र वडील बालरोगतज्ज्ञ होते आणि मुलाने वैद्यकीय शिक्षण घ्यावं अशी त्यांची इच्छा होती. मुलगा चित्रकलेकडे वळला आणि कित्येक वर्षं युरोपात भटकला. पंचविशीत व्हिएन्नामधल्या एका लहान शाळेत शिकवायला लागल्यावर मुलांचं मन हे आपलं काम, असं त्याला उमगत गेलं. पुढे पदवी नसताना तो हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाला. तरुणपणी थोडा काळ ठरवण्याचं ओझं उतरवून ठेवता आलं पाहिजे, असं ते म्हणत. अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्यांनी आडनाव स्वतः निवडलं, एरिकसन, म्हणजे एरिकचा मुलगा. पण मधलं 'एच.' त्यांनी ठेवलं. ते सावत्र वडिलांच्या होमबर्गर या आडनावाचं होतं. तुमच्या लेकीने आपलं नाव स्वतः ठेवलं म्हणून बाबांचं अक्षर पुसलं जाणार नाही.

आणखी एक बोलायचंय, जरा कठोर वाटेल. तुमच्या यजमानांबद्दल तुम्ही 'ते लाइनमन होते' एवढ्या तीन शब्दांत आटोपलं आणि जे ते होऊ शकले नाहीत त्याबद्दल त्याहून जास्त लिहिलं. लाइनमन वादळात खांबावर चढतो, म्हणून रात्री उशिरा का होईना कुणाच्या तरी घरात दिवा लागतो. एका माणसाने हे वर्षानुवर्षं केलं आणि त्याच्या लेकीपर्यंत फक्त त्याची हुकलेली इच्छा पोचली. ती ज्या बाबांचं ऋण फेडतेय, ते बाबा अपुरे राहिलेले आहेत. पुरते बाबा तिला कुणी दाखवलेच नाहीत. ते दाखवणं फक्त तुम्हालाच जमेल. ते कशावर हसायचे, कामावरून आल्यावर काय सांगायचे, कोणत्या कामाचा त्यांना अभिमान होता? ज्यांच्याबरोबर ते काम करत, त्यांतलं कुणी असेल तर एकदा लेकीला भेटवा.

वही वाचलीत हे तिला आजच सांगा, माफी मागा आणि पुन्हा त्या वहीला हात लावू नका. 'मी असं कधी म्हटलंच नव्हतं' अशी सफाई देऊ नका. 'तू तो शब्द दिलास तेव्हा फार लहान होतीस, त्यातून मी तुला मोकळी करते,' एवढं म्हणा. हे बाबांच्या वतीने बोलायचा हक्क तुम्हाला आहे. ती रडेल, कदाचित चिडेल, कदाचित 'मला डॉक्टरच व्हायचंय' असंही म्हणेल. त्या दिवशी तिच्याशी वाद घालू नका. तज्ज्ञांकडचे उपचार सुरू झाले, जेवणखाण सावरलं, आणि दोन-तीन महिन्यांनीही ती तेच म्हणाली, तर तिसऱ्या प्रयत्नाचं वेळापत्रक आपण तिघी मिळून आखू. तिने दुसरं काही म्हटलं तर त्याचंही आखू.