नातू शाळेत गप्प बसतो, म्हणून घरातली मराठी बंद?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी नेवऱ्याची. मुलगा-सून नातवाला घेऊन जूनपासून न्यू जर्सीला आहेत. नातू सात वर्षांचा, पहिली इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. तिकडच्या सरकारी शाळेनं परीक्षा घेऊन त्याला इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या वेगळ्या तासाला बसवलंय. वर्गात तोंडच उघडत नाही म्हणे. म्हणून मुलानं घरात मराठी बंद केली, माझ्याशी फोनवरसुद्धा. नातू ‘हॅलो आजी’ म्हणतो नि फोन आईकडे देतो. मला इंग्रजी येत नाही. माझ्या बोलण्यानं त्याचं खरंच नुकसान होतंय का?

उत्तर : नाही. तुमचं बोलणं बंद झाल्यानं मात्र होतंय. हे ठासून सांगते, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे.

रत्नागिरीच्या बंदराजवळच्या शाळेत मी शिकवत होते. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या, तेव्हा एका नेपाळी खलाशाचा मुलगा दुसरीत आला. दिवाळीपर्यंत हूं की चूं नाही. मी त्याच्या आईला बोलावून सांगितलं, “घरी मराठीच बोला.” तिची मराठी बाजारापुरती : किती, दे, नको. पोराशी बोलायला तिच्याकडे तेवढेच शब्द उरले. सुट्टीनंतर आला तो आणखीच मिटलेला. डिसेंबरात एक दिवस तक्त्यावरच्या चित्रावर बोट ठेवून मी विचारलं, “हे काय?” सगळा वर्ग ओरडला, “मासा!” मागच्या ओळीतून बारीक आवाज आला, “नाय बाई. बांगडा.” चार महिने तो कान देऊन ऐकत होता. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले. आईला म्हटलं, माझं चुकलं, नेपाळीतच बोला, गोष्टी सांगा.

नवीन भाषेत पडलेलं मूल आधी ऐकून साठवतं. गप्प बसणं हाही शिकण्याचाच भाग. खेळण्या-बोलण्यापुरतं इंग्रजी वर्ष-दोन वर्षांत येईल. पुस्तकातलं इंग्रजी अंगवळणी पडायला पाच-सात वर्षं लागतात. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी हा फरक नीट मांडला आहे. मुलाला हे सांगा, म्हणजे त्याची घाई कमी होईल.

वेगळ्या तासाचंही वाईट वाटून घेऊ नका. प्रवेशाच्या वेळी घरातली भाषा विचारतात आणि मग इंग्रजी ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं तपासतात. ती बुद्धीची परीक्षा नव्हे. ही मदत म्हणजे मेहेरबानीही नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे १८०० चिनी मुलं इंग्रजी न कळता वर्गात नुसती बसून होती. १९७४ साली लाऊ विरुद्ध निकोल्स या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. आपला मुलगा किती पुढे गेला, हे शाळेला विचारण्याचा आईवडिलांना पूर्ण हक्क आहे. तुमच्या मुलानं तो बजावावा.

एक मात्र बघा. नातू मराठीत पूर्वीसारखा बडबडतो का? बडबडत असेल तर निर्धास्त राहा. मराठीतही अडखळू लागला असेल, तर कान तपासून घ्यावेत आणि शाळेला कळवावं. घरात मराठीच बंद ठेवली, तर हे कळणार तरी कसं?

आता तुमचं काम. फोनवर “आज काय शिकवलं?” विचारू नका, त्यावर मुलं “काही नाही” म्हणतात. तुम्ही काय करताय ते दाखवा. मे महिन्यात आमसुलांसाठी रातांबे फोडाल तेव्हा फोन समोर धरा. सालांना रसाची पुटं देऊन उन्हात घालता, संध्याकाळी ती आकसलेली असतात. मग विचारा, “यातलं पाणी कुठे गेलं रे?” पाण्याची वाफ होते हे त्याला मराठीत कळलं, की शाळेत त्याला फक्त नवा शब्द शिकायचा उरतो. वजाबाकीचंही तसंच.

सूनबाईंना सांगून शाळेच्या बाईंकडून पुढच्या महिन्याचे विषय मागवून घ्या, म्हणजे गप्पा त्याच अंगानं नेता येतील. नातवाला कशाची आवड आहे, ते पत्रात लिहिलं नाहीत. जरूर कळवा.