वरण एकच, फोडणी वेगळी

प्रश्न : नमस्कार काका. आम्ही इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो. 10 वर्षं जुनी डिझेल गाडी आहे. घराजवळच सुपरमार्केटचा पंप आहे, पण आमचे अहो तिथे गाडी न्यायलाच तयार नाहीत. चार मैल लांब जाऊन मोठ्या कंपनीच्या पंपावर भरतात. ‘स्वस्त डिझेलात पाणी असतं, इंजेक्टर जातात’ असं ऑफिसात कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय. गेल्या महिन्यात घाईत मी सुपरमार्केटचं भरलं आणि आठच दिवसांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला! तेव्हापासून घरात मीच आरोपी. गाडी बहुतेक मीच चालवते : मुलीची शाळा, दुकान, कधी स्टेशन. खरं काय ते सांगा.

उत्तर : ताई, आधी कबुली देतो. रेडिंगजवळच्या गॅरेजात मी 22 वर्षं काढली आणि त्या सगळ्या काळात माझी स्वतःची गाडी सुपरमार्केटच्याच डिझेलवर चालली. तेव्हा मी तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे, हे अहोंना सांगून ठेवा.

माझं लहानपण मनमाडचं. वडील पानेवाडीच्या डेपोतून टँकर भरायचे. कुठल्या कंपनीचं डिझेल चांगलं, असं कुणी विचारलं की म्हणायचे, “जो मापात मारत नाही त्याचं.” इंग्लंडात आल्यावर कळलं, इथेही गोष्ट फार वेगळी नाही. पंपावर चौकोनात ‘बी7’ लिहिलेलं असतं, ते दोन्हीकडे सारखंच बघाल. म्हणजे जास्तीत जास्त 7 टक्के बायोडिझेल. विकणारा कुणीही असो, डिझेल ‘बीएस ईएन 590’ या मानकात बसावंच लागतं : गंधक दहा लाखांत 10 भागांपेक्षा जास्त नको, सीटेन (डिझेल किती चटकन पेट घेतं त्याचा आकडा) किमान 51, आणि हिवाळ्यात थंडीने मेण धरू नये म्हणून वेगळा माल. सुपरमार्केटला यातून सूट नाही.

माझ्याकडे एक टँकर ड्रायव्हर गिऱ्हाईक होता. त्याच्याकडून ऐकलेलं सांगतो. डेपोत गाडी लावायची, कार्ड दाखवायचं, होज जोडायचा. डिझेल एकाच मोठ्या टाकीतून येतं. ज्या कंपनीची ऑर्डर असेल तिचं अॅडिटिव्ह, म्हणजे डिझेलात मिसळायचं रसायन, मशीन त्या धारेतच मोजून सोडतं, हजार लिटरमागे काही शे मिलिलिटर. सकाळची खेप एका नावाची, दुपारची दुसऱ्या नावाची, टाकी तीच. मी हे घरी सांगितलं तर बायको म्हणाली, “म्हणजे वरण एकच, फोडणी वेगळी.” इतक्या वर्षांत मला याहून चांगलं सांगता आलेलं नाही.

आता फोडणीला काहीच अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. तुमच्या इंजिनात डिझेल दीड-दोन हजार बारच्या दाबाने इंजेक्टरच्या भोकांतून उडतं आणि ती भोकं असतात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी. तिथे काजळी धरली की फवाऱ्याची धार होते, सकाळी इंजिन खडखडतं, धूर येतो. अॅडिटिव्हमधलं डिटर्जंट ती काजळी धरू देत नाही. सुपरमार्केटवाले फोडणी घालतच नाहीत असं नाही, हात जरा आखडता असतो इतकंच. ‘व्ही-पॉवर’, ‘अल्टिमेट’ असल्या महागड्या डिझेलात तो सढळ असतो. पण अहो चार मैल जाऊन साधंच डिझेल भरत असतील तर फरक अगदी उन्नीस-बीसचा. बाकावर चार इंजेक्टर उघडून ठेवा. गाडी गावात रखडते की हायवेला पळते, हे मी टोकावरच्या काजळीवरून बहुतेक वेळा ओळखेन. पंप कुठला, ते मला कधीच ओळखता आलं नाही.

पाण्याचं म्हणाल, तर ते पंपाच्या टाकीत साचतं : दमट हवेतून, झाकणाच्या फटीतून. जिथे खप कमी आणि माल पडून राहतो तिथे धोका जास्त, कारण पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे शेवाळासारखे जंतू वाढतात. शनिवारी सकाळी सुपरमार्केटच्या पंपावरची रांग बघा, तिथे माल पडून राहायला वेळ कुठे आहे?

ही बदनामी आली कुठून, तेही माहीत आहे. 2007 च्या फेब्रुवारीत आग्नेय इंग्लंडमध्ये हजारो गाड्या अडखळायला लागल्या, ऑक्सिजन सेन्सर निकामी झाले. पेट्रोलात सिलिकॉन गेलं होतं आणि त्यातलं बरंचसं सुपरमार्केटांतून विकलं गेलं होतं. ते पेट्रोल होतं ताई, डिझेल नव्हे. पण आमच्या धंद्यात अफवेला गंज चढत नाही.

आता तुमचा पिवळा दिवा. डब्यासारखं चित्र आणि त्यात ठिपके, असाच आहे ना? तसा असेल तर तो डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी पकडणाऱ्या फिल्टरचा. ती काजळी जळायला जवळपास 600 अंश उष्णता लागते. शाळा, दुकान, स्टेशन या दोन-दोन मैलांच्या फेऱ्यांत इंजिन धड तापतच नाही. तेव्हा आरोपी तुम्हीच, पण गुन्हा वेगळा! गाडी एम4 हायवेवर जंक्शन 15 ला चढवा, न्यूबरीपर्यंत जा आणि परत या. चौथ्या गिअरमध्ये, इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा 2,000 च्या वर. बहुतेक वेळा दिवा विझतो. दिवा लुकलुकत असेल किंवा इंजिनचा दिवाही सोबत लागला असेल तर मात्र हे करू नका, सरळ गॅरेज गाठा. आणि ‘फिल्टर काढून टाकतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. 2014 पासून तशी गाडी एमओटीत, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीत, नापास होते.

अहोंसाठी हिशेब : जाऊन-येऊन आठ मैल म्हणजे पाऊण लिटर डिझेल, पाउंडभराचं. लिटरला 5 पेन्स जास्त धरले तर 50 लिटरला आणखी अडीच पाउंड. त्यापेक्षा जवळचंच भरा आणि तीन-चार टाक्यांनंतर एकदा महागडं डिझेल भरून लांब फिरून या. मी तेच करायचो. पुढची गाडी घेताना मात्र, तुमच्या फेऱ्या अशाच राहणार असतील, तर डिझेल घेऊ नका.

प्रश्न : मे महिन्यात फ्रान्समध्ये भाड्याने गाडी घेणार आहोत. तिथल्या सुपरमार्केटच्या पंपावर भरलं तर चालेल का? (कोथरूड, पुणे)

उत्तर : बिनधास्त भरा. फ्रेंच लोक स्वतः तिथेच भरतात, हायवेवरचे पंप बरेच महाग पडतात. फक्त ‘गाझोल’ म्हणजे डिझेल, हे पाठ करून ठेवा. नावात गॅस ऐकून आमच्या एका पाहुण्याने ते सोडून पेट्रोल भरलं होतं. टाकी उपसायला अख्खा दिवस गेला. डिझेलचा चौकोन, पेट्रोलचं वर्तुळ, ही खूण तिथेही चालते. रात्री आणि रविवारी पंपावर माणूस नसतो. मशीन आधी शंभरेक युरो कार्डावर अडकवून ठेवतं आणि मग खरी रक्कम कापतं, त्यामुळे घाबरू नका. आपलं कार्ड कधी कधी घेत नाही, म्हणून पाव टाकी उरली की दिवसाउजेडीच भरून घ्या.