डिस्चार्ज मिळाला म्हणजे गुठळीचा धोका टळला का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. सासूबाई (वय 67) बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, बॉल बदलायचं ऑपरेशन झालं आणि आता घरी आल्यात, वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतात. कार्डवर रक्त पातळ करायची गोळी 35 दिवस लिहिलीय, पण मोठे दीर म्हणतात टाके निघाले, चालायला लागल्या, आता कशाला एवढी गरम औषधं, बंद करा. दोन दिवसांपासून ऑपरेशनच्याच पायाची पोटरी सुजलीय, दुखतेय. शेजारच्या काकू तिळाच्या तेलाने चोळून देते म्हणतात. चोळू का? आणि नणंदेकडे पुण्याला कधी नेता येईल?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न आला त्याच दिवशी तुम्हाला फोनवर सांगितलं की पाय अजिबात चोळू नका, ही सूज पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची असू शकते, म्हणून आजच्या आज पायाची डॉपलर सोनोग्राफी (शिरेतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी) करून घ्या. इथे सविस्तर लिहितेय कारण हे बऱ्याच घरांत चालतं.

बोट कापल्यावर जी गुठळी होते ती रक्त थांबवते, चांगलीच असते. पायाच्या आतल्या मोठ्या शिरेत होते ती वेगळी. तिथे रक्त आधीच हळू चालतं, पोटरीचे स्नायू आवळले की वर ढकललं जातं, आणि माणूस पडून राहिला की शिरेतल्या झडपांच्या मागे रक्त तसंच साचतं. त्यात ऑपरेशनमुळे शिरेला इजा होते, आणि शरीर जखम भरायच्या नादात रक्त जास्त गोठवायला लागतं. साचणं, शिरेची इजा, गोठायची वाढलेली ओढ, ही तीन कारणं आजही तीच सांगितली जातात, जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विर्चोंच्या नावाने ती ओळखली जातात. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये तिन्ही एकदम येतात.

ही गुठळी म्हणजे फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं आणि त्यात अडकलेल्या लाल पेशी. सुरुवातीचे काही दिवस ती मऊ असते, भिंतीला नीट चिकटलेली नसते, म्हणूनच चोळायला नको म्हणते. तुकडा सुटला तर तो हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकतो आणि माणूस दगावू शकतो. पुढे धागे आणखी घट्ट होतात, गुठळी शिरेला चिकटते, मग विरघळायला वेळ लागतो आणि कधी कधी झडपाही कायमच्या खराब होतात.

आता दिरांच्या म्हणण्याबद्दल. हॉस्पिटलमधल्या मुक्कामाशी जोडलेल्या गुठळ्यांपैकी निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त, घरी आल्यावर सापडतात. धोका साधारण 3 महिने राहतो, पहिले काही आठवडे सगळ्यात जास्त, आणि टाके निघाले म्हणून तो संपत नाही. खुबा बदलल्यावर 35 दिवसांपर्यंत औषध देतात ते म्हणूनच. आणि ही गोळी झालेली गुठळी विरघळवत नाही, नवी होऊ देत नाही, असलेली वाढू देत नाही, विरघळवायचं काम शरीर स्वतः करतं. मध्येच बंद केली तर ते राखणच गेलं. दिरांना काळजीपोटी वाटतं हे मला समजतं, पण बंद करायचं ते ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनीच सांगावं. दुखतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मात्र आणू नका, या गोळीबरोबर ती घेतली तर रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला काळं होणं, हिरड्यांतून रक्त येणं, डोक्याला मार लागणं, यातलं काही झालं तर लगेच कळवा.

ऑपरेशनच्या पायाला थोडी सूज असतेच, ती बहुतेकदा रात्रभर पाय वर ठेवून झोपलं की कमी होते. पण नव्याने वाढलेली, पोटरी दाबल्यावर दुखणारी, गरम लागणारी सूज असेल तर घरी अंदाज बांधत बसू नका. गुठळीचा अंदाज देणारी रक्तातली डी-डायमर तपासणी ऑपरेशननंतर तशीही वाढलेली येते, तिच्यावर थांबून चालणार नाही, डॉपलरच करा. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं किंवा चक्कर येऊन पडल्या तर डॉपलरचीही वाट बघायची नाही, सरळ 108 लावा.

पुण्याचं सध्या लांबणीवर टाका. डॉपलर नॉर्मल आली तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारूनच जा, आणि जाल तेव्हा सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असं थांबत त्यांना थोडं चालवा, गाडीत पाय खाली-वर हलवायला सांगा, पाणी देत राहा आणि गोळ्यांची पाकिटं आठवणीने बरोबर घ्या.