गाडी विकू की ठेवू?

प्रश्न : ताई, मी खानापूरचा. बेळगावला उद्यमबागेत कारखान्यात कामाला आहे. दुसरी पाळी सुटेपर्यंत बस निघून गेलेली असते, म्हणून मोटारसायकल घेतली. गल्लीतल्या एका पोराला अपघात झाल्यापासून बायको म्हणते, गाडी विका. काय करू?

उत्तर : दादा, वहिनींची भीती खोटी नाही. दोन चाकांवरून पडलं की थेट अंगच रस्त्यावर घासतं. तरी विका असं मी म्हणणार नाही. रात्री वडापची, म्हणजे सीटवर चालणाऱ्या खाजगी गाडीची, वाट बघत थांबणं काय असतं, ते मी भोगलंय. दिवसपाळीला मात्र बसनंच जा. तेवढे दिवस तरी धोका टळतो.

खरी काळजी रात्रीची. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढं जाते, ४० ला अकरा. ब्रेक दाबायचं सुचेपर्यंतच एवढं अंतर गेलेलं असतं. गळीत हंगामात उसाच्या कितीतरी ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. देसूरजवळ मी अशाच एकीच्या मागं जेमतेम थांबले. हेल्मेटच्या काचेवर वाडं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा पाला, खरखर घासलं, तो आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून अंधारात ४० च्या वर जात नाही.

हेल्मेट आयएसआय शिक्क्याचंच घ्या आणि पट्टा लावाच. नाहीतर पडताना ते आधी उडून जातं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला, आतला थर्माकोल दबलेला असतो. वहिनी मागं बसल्या तर त्यांनाही हेल्मेट हवंच, कायदाही तेच सांगतो.